सेतुमामा आणि रिकामे चौकोन

"तू कोण रे? हिकडे काय काम तुझें?"

सेतुमामा हे कुठल्या माणसाला विचारत नसत. स्क्रीनवरच्या एखाद्या ओळीवर पेन्सिलीचं मागचं टोक टकटक आपटायचं आणि त्या ओळीलाच हा सवाल टाकायचा. वर उत्तराची वाटही बघायचे. ती ओळ तिथे कशासाठी आहे हे कुणालाच सांगता आलं नाही, की बोट डिलीटवर. चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या आमच्या काचेच्या इमारतीत, एसीच्या गारठ्यात, कानाला मफलर गुंडाळून बसलेला हा साठीला टेकलेला माणूस कॉम्प्युटरशी मराठीत भांडतोय, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, झालं, बिचाऱ्याचं डोकं कामातून गेलं.

आमचं काम काय ते सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही, म्हणून थोडं सोसा. आमची कंपनी यंत्रांची माहितीपुस्तकं तयार करायची. लेखक मंडळी मजकूर लिहायची आणि त्यात फक्त एवढंच सांगायची की हे शीर्षक, ही पायरी, हा धोक्याचा इशारा. रंगरूप काही नाही. मग नियमांची एक भलीमोठी फाइल त्या मजकुराचं वेबपेज बनवायची. तिला आमच्याकडे स्टाइलशीट म्हणायचे. ती फाइल सेतुमामांची. तयार झालेल्या पेजला रंग, अक्षरं, अंतरं देऊन माणसात आणायचं, ते काम माझं. म्हणजे पोर त्यांनी अंघोळ घालून द्यायचं आणि मी कपडे चढवायचे.

पण अंघोळ कसली! मी कराडहून नवी नवी आले होते. पहिलंच काम मिळालं, एका गिऱ्हाइकाला सगळ्या पेजवरचा निळा रंग हिरवा करून हवा होता. मला वाटलं, चहा पिऊन होईपर्यंत संपेल. पेज उघडून आत बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. डब्यात डबा, त्यात आणखी डबा. निळा रंग एका जागी सांगायचा सोडून ओळीओळीला चिकटवलेला. अंतर हवं म्हणून रिकामे परिच्छेद, तक्त्याला जागा हवी म्हणून रिकामे चौकोन. मी खुर्ची मागे ढकलली आणि इथं मराठी कुणाला कळतंय म्हणून चांगली मोठ्यानं ओरडले, "हा उकिरडा कुणी केलाय?"

खांबामागून शांत आवाज आला, "म्यां केला. तेव्हां तरुण होतों. बैस."

मेले! मी उभ्या जागी गार झाले. तंजावरकडचे मराठी लोक चेन्नईत असतात हे ऐकून होते, पण ते असे खांबामागे बसलेले असतील असं वाटलं नव्हतं. त्यांची मराठी जुन्या पोथीतून सुटून आलेली, आणि चाल तमिळची. वाक्याचं शेपूट वर उचललेलं, मधेच 'सरि', मधेच 'अय्यो'. त्यांचे पूर्वज तंजावरला कधी आले, कुणाबरोबर आले हे मला विचारू नका. त्यांनाही ते सांगण्यात रस नव्हता. महाराष्ट्रात ते आयुष्यात एकदाच गेले होते, पुण्याला. मोठ्या हौसेनं रिक्षावाल्याशी मराठीत बोलले, तर त्यानं हिंदीत उत्तर दिलं. "त्याला वाटलें मी परदेशी," असं म्हणून ते हसायचे, पण ते हसू फार वेळ टिकायचं नाही. पूर्ण नाव सेतुमाधवराव. ऑफिसात सगळे सेतु सार म्हणायचे. मी मामा म्हणायला लागले, कारण त्यांच्या बायकोनं पहिल्याच भेटीत तसा हुकूम काढला.

माझ्या त्या ओरडण्याचा त्यांना राग आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "तुला काय पाहिजे तें सांग. रंग नको सांगूं. पेज कसें मिळालें तर तुला सोपें जाईल, तें सांग." इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारायला लावलंच नव्हतं. मी सांगत गेले, ते ऐकत गेले. शीर्षक असेल तर ते शीर्षकच असू द्या, जाड अक्षरांचा परिच्छेद नको. यादी असेल तर यादी. इशाऱ्यावर 'इशारा' एवढी चिठ्ठी लावा, लाल मी करीन. रिकामं काही ठेवू नका, अंतर मी देईन. मान डोलावत ते एकच म्हणाले, "इतकेंच?"

मग त्यांनी ती जुनी फाइल मुळापासून नवी लिहायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, वरून हुकूम नव्हता. निवृत्तीला थोडा काळ उरलेला, अशा वेळी माणसं पेन्शनचे कागद जुळवतात. हे आपले जुन्या ओळींची उलटतपासणी घेत बसलेले. "तू कोण रे?" टकटक. "बोलत नाहींस? जा मग." मध्ये दुपारी डबा. डब्याचीही तऱ्हा सांगण्यासारखी. मामी घरून लखलखीत घासलेला डबा द्यायच्या, तरी हे झाकण उघडून बेसिनपाशी विसळून आणायचे आणि मगच झाकणात दहीभात काढून घ्यायचे. मी चिडवलं, "मामा, मामींवर विश्वास नाही का?" तर म्हणाले, "तिच्यावर आहे गे. बसवर नाहीं." पेज तपासायची रीतही अशीच. माझे सगळे रंग बंद करायचे आणि उघडंबोडकं पेज वरपासून खालपर्यंत वाचून काढायचे. तसं वाचूनही अर्थ लागला तर मान तिरकी करून म्हणायचे, "भांडें घासलेलें दिसतें." यापलीकडे शाबासकी त्यांच्याकडून कुणाला मिळाली नाही, स्वतःला तर नाहीच.

नुंगंबाक्कमच्या एका बोळात त्यांचं घर होतं, दुसऱ्या मजल्यावर. मला मेसच्या सांबाराचा कंटाळा आला की मामी बोलवायच्या. पहिल्यांदा गेले तेव्हा केळीच्या पानावर वाढलं होतं. प्रत्येकाची जागा ठरलेली: मीठ इथे, लोणचं त्याच्या शेजारी, मग कोशिंबीर, मग भाजी. त्या दिवशी कोशिंबीर नव्हती. मामींनी ती जागा मोकळी सोडून भाजी पुढे भाजीच्याच जागी वाढली. मी आपली आमच्याकडच्या सवयीनं भाजी बोटानं सरकवून मोकळ्या जागेत ओढली. मामांनी जीभ चुकचुकवली. "तिथें नको, तिथें नको! ती जागा तिची आहे."

"पण ती आज नाहीये ना मामा."

"नसूं दे. म्हणून दुसऱ्यानें येऊन बसायचें कां? हाताला सवय असते. मान खालीं न घालतां हात जातो. जागा चुकली तर मीठ म्हणून भलतेंच तोंडांत जाईल." मामी मागून म्हणाल्या, "हें लग्न झाल्यापासून ऐकते मी." मी हसले आणि भाजी परत ढकलली.

नवी फाइल चालू झाली तो दिवस मला आठवतो. मी एका जागी, एका ओळीत निळ्याचं हिरवं केलं आणि गिऱ्हाइकाची सगळीच्या सगळी पेजेस हिरवी झाली. मी टाळ्याच वाजवल्या. काही गळलं नाही ना, हे आम्ही आमच्या रिवाजाप्रमाणे तपासलं होतं. जुन्या पेजचा मजकूर आणि नव्या पेजचा मजकूर मशीनकडून ताडून घ्यायचा. शब्दाला शब्द जुळला. एक अक्षर कमी नाही, एक आकडा कमी नाही. जुनी पेजेस मोबाइलवर धड उघडायची नाहीत, ही पटकन उघडायची आणि दिसायचीही देखणी. सेतुमामांनी त्या दिवशी मफलर काढून टेबलावर ठेवला होता.

आणि मग एन्नोरहून ती बातमी आली.

चेन्नईच्या उत्तर टोकाला असलेल्या तिथल्या एका कारखान्यात मोठाले पंखे होते, त्यांचं माहितीपुस्तक आमच्याकडचं. सेल्वम नावाच्या मेकॅनिकनं दुरुस्तीसाठी पंखा बंद केला, मोबाइलवर आमचं पेज बघितलं, त्यात लिहिलं होतं तेवढं थांबला आणि झाकण उघडून हात आत घातला. पातं अजून फिरत होतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पेजवर एक तक्ता होता. बंद केल्यावर किती थांबायचं याचे तीन रकाने होते: तेल बदलायचं असेल तर, झाकण उघडायचं असेल तर आणि झाकण परत बसवल्यावर. सगळ्यात मोठ्या पंख्याचं तेल वेगळ्या रीतीनं बदलतात, म्हणून त्याच्या ओळीत तेलाचा चौकोन लेखिकेनं रिकामा ठेवला होता. सेतुमामांच्या नव्या फाइलीत नियम होता, जे रिकामं ते काढून टाक. त्यानं तो चौकोन काढला. मग पुढचे आकडे एकेक घर मागे सरकले. झाकण उघडण्याआधीची दहा मिनिटं जाऊन बसली तेलाखाली, आणि झाकण लावल्यावरचं एक मिनिट येऊन बसलं झाकण उघडण्याखाली. अक्षर एकही हरवलं नव्हतं. म्हणून तर आमची तपासणी गप्प राहिली.

मामांनी तक्ता बघितला. पेन्सिल उचलली, त्या ओळीपाशी नेली, पण टकटक केलं नाही. तशीच खाली ठेवली.

दुपारी साहेबांनी मीटिंग घेतली. साहेब माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्यानं आमची नियमपुस्तिका उघडली. तीत लिहिलं होतं की चौकोन रिकामा सोडायचा नाही, आडवी रेघ द्यायची. "म्हणजे चूक लिहिणाऱ्याची," साहेब म्हणाला. लिहिणारी होती भुवना, कंत्राटावर आलेली, कायम व्हायची वाट बघणारी पोर. ती कोपऱ्यात बसली होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. आई तिच्यावरच अवलंबून होती, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब मामांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "सार, तुमचे थोडेच महिने राहिलेत. गिऱ्हाइकाला मी लिहितो. तुम्ही काही बोलू नका."

खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं की मामांनी गप्प राहावं. हा माणूस जन्मभर एका खांबामागे बसला, जाताना तरी चार लोकांनी हार घालून निरोप द्यावा.

मामा तमिळमध्ये बोलले, अगदी हळू. "रेघ दिली नाही हे खरं. पण तिनं जागा सोडली होती. जागा बरोबर होती. ती माझ्या नियमानं खाल्ली. गिऱ्हाइकाला हे माझ्या नावानं लिहा. तुम्ही लिहिणार नसाल तर मी लिहितो."

"सार, नीट विचार करा."

"पोदुम," मामा म्हणाले. पुरे.

तसंच लिहून गेलं. भुवना राहिली. मामांना पुढच्या सोमवारपासून यायचं नाही असं सांगण्यात आलं, तेही फोनवर. हार नाही, केक नाही, काही नाही. आणि ज्यानं माझा जीव जळला ते पुढेच आहे. जाण्याआधी मामांनी तो नियम दुरुस्त केला होता. एका ओळीचं काम. तक्त्यातलं रिकामं तसंच ठेव, बाकीचं रिकामं काढ. आता फाइल निर्दोष होती. पण तिच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार होईना. वरून निर्णय आला की जुनी फाइल परत चालू करा. तोच उकिरडा, डब्यात डबा, ओळीओळीला चिकटलेला निळा रंग. मी भांडले, घसा बसेपर्यंत भांडले. साहेब म्हणाला, "जुनीनं कुणाचं बोट तर नाही नेलं."

मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "एन्नोरला येतेस कां माझ्याबरोबर?"

आम्ही गाडीनं गेलो. पुढे पुढे हवेत राख जाणवायला लागते, दातांखाली येते. मामांनी मफलर तोंडावर धरला होता. विजेच्या कारखान्यांच्या चिमण्या, खाडीकाठी वाळत टाकलेली जाळी, आणि मागच्या गल्लीत सेल्वमची एक खोली. तिशीतला माणूस. उजवा हात पांढऱ्या पट्टीत, मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. त्याच्या बायकोनं कॉफी दिली. मामांनी पेल्याला हात लावला नाही. म्हणाले, "ते पेज मी केलं होतं."

सेल्वम शिव्या देईल, उठून जा म्हणेल, असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुमचं जुनं पेज बघून डोळे फिरायचे, सार. काही कळायचं नाही. म्हणून मी छापलेलं पुस्तक काढून बघायचो. मग हे नवीन आलं. किती नीट होतं! मोबाइलवर सगळं एका नजरेत. मग पुस्तक कशाला काढू?"

मामांची मान खाली गेली ती गेलीच. थोड्या वेळानं सेल्वमच म्हणाला, "कॉफी घ्या सार, गार होतेय."

परतीच्या गाडीत मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. नुंगंबाक्कम जवळ आलं तेव्हा बोलले. "जेवायला बसलों कीं मला कळतें गे. मामीला विचार. कचेरींत कसें कळलें नाहीं?" माझे डोळे भरून आले आणि मी मेली रुमाल शोधायचं नाटक करत राहिले.

त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटर उघडला नाही. मामी सांगायच्या, दिवसभर गॅलरीत बसतात, पेपर मांडीवर असतो पण उलटत नाहीत. दहीभात दिला तर जेवतात, नाही दिला तर मागत नाहीत. महिन्यातून एकदा मात्र अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून एन्नोरला जायचे. तिथे काय बोलायचे ते मामींनाही ठाऊक नव्हतं.

मला पुण्याची नोकरी मिळाली. निघण्याआधी त्यांच्याकडे नरसिंहजयंतीचं जेवण होतं, मामींनी आग्रहानं बोलावलं. मामांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. नातेवाईक जमले होते, कुंभकोणमहून मामींचे भाऊ आले होते, मोठ्या सोवळ्याचे. मामांनी सेल्वमलाही बोलावलं होतं. यावरून आदल्या दिवशी घरात बरंच वाजलं असावं, कारण मामींचे भाऊ फुगून बसले होते. पण सेल्वम हो म्हणाला होता आणि मामा सकाळपासून गॅलरीतून खाली बघत होते.

पंक्त मांडली. मामांनी स्वतः केळीची पानं पुसली. त्यांच्या आणि माझ्या मधलं पान सेल्वमचं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते गॅलरीत गेले, दोन शब्द बोलले आणि परत आले. मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, "तो खालीं बसथांब्यापर्यंत आला होता. परत गेला. सगळ्यांपुढें डाव्या हातानें कसें जेवूं, म्हणतो."

मामींच्या भावांनी विचारलं, "येत नाहीं ना तो? मग उचला तें पान. सरका सगळे एकेक. आमचा पोरगा रघू तिकडे टोकाला दारांत उन्हांत बसला आहे." आणि पंक्त सरकायला लागलीसुद्धा. माझ्या पलीकडच्या काकूंनी पाट उचलला, मीही अर्धी उठले.

"सरकूं नका."

मामांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ऑफिसात नाही, मीटिंगमध्ये नाही, एन्नोरला नाही. मामींच्या हातात भाताचं पातेलं तसंच राहिलं.

"कुणी सरकूं नका," ते परत म्हणाले, या वेळी हळू. "ती जागा त्याची आहे."

काकूंनी पाट खाली ठेवला. मामांनी मामींच्या पुढ्यातलं मिठाचं भांडं घेतलं, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि त्या रिकाम्या जागेसमोरच्या पानावर, कोपऱ्यात, मिठाच्या जागी मीठ वाढलं. मग लोणचं. कोशिंबीर. भाजी. एकेक पदार्थ घेऊन ते येत होते, त्याची जागा बघून वाढत होते आणि परत जात होते. आम्ही सगळे हात आखडून बसलो होतो, आणि दारात रघूच्या पाठीवर ऊन होतं.